आईच्या परतीचा पुरावा: शेंगेन देशांच्या व्हिसा अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या शेंगेन देशांच्या वकिलातींमध्ये आमचे अर्ज तपासणारे व्हिसा अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या पंधरा दिवसांत माझ्या आईचा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या 29 देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज दुसऱ्यांदा तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. पहिला अर्ज सप्टेंबर 2024 मध्ये केला होता. तो नामंजूर झाला. पासपोर्टासोबत आलेल्या छापील कागदावर दोन चौकटींत खुणा होत्या. पहिल्या खुणेचा अर्थ असा, की प्रवासाचा उद्देश आणि तिथे राहण्याची व्यवस्था याबद्दलची माहिती विश्वासार्ह वाटत नाही. दुसरीचा अर्थ असा, की व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल रास्त शंका आहे. त्याहून जास्त कारण कुठं लिहिलेलं नव्हतं.

अर्जदार म्हणजे माझी आई. वय 63. वडील 2017 मध्ये गेले. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, ती आई आणि मी बघतो. धाकटी बहीण आणि तिचा नवरा तुमच्यापैकी एका देशात नोकरी करतात. बहिणीचं पहिलं बाळंतपण होतं. त्यासाठी आईला सत्तर दिवस जायचं होतं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. एक तर तुम्हा 29 देशांचं नियमांचं पुस्तक एकच आहे, फॉर्म एकच आहे आणि नकाराचा कागदही एकच आहे. दुसरं म्हणजे मला कुणा एका अधिकाऱ्याशी भांडायचं नाही. ज्यांनी तो अर्ज पाहिला त्यांनी समोर होतं त्यावरून ठरवलं असेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की आईच्या आयुष्याचे खरे कागद त्या फायलीत होते आणि ते वाचले गेले नाहीत. ते कसे वाचायचे हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. मराठीत लिहितोय, कारण पाठवण्याआधी ते आईला वाचून दाखवणार आहे. तुमच्या कचेऱ्यांमध्ये मराठी जाणणारी माणसं काम करतात, त्यामुळे ते तुमच्यापर्यंत पोचायला अडचण येऊ नये.

आधी उद्देशाबद्दल बोलतो, कारण पहिली खूण मला जास्त लागली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला घरी आणतात, बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर ती सासरी जाते. बहिणीला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, माहेर तिकडं नेऊ. हा तिचा उद्देश. तो फॉर्ममध्ये ‘कुटुंबीयांना भेट’ या एका खुणेत बसतो, पण तयारी दोन महिने चालली होती. दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत हे बहिणीनं कळवलं, तेव्हा तुपातले लाडू बाद झाले. मग आईनं डिंक, अळीव आणि खारीक कोरडीच बांधली. तूप बहिणीनं तिकडचं लोणी कढवून करायचं ठरलं. बाळाला धुरी द्यायची नाही, घरातला धुराचा अलार्म वाजेल, हेही आईनं ऐकून घेतलं. जुनी सुती लुगडी फाडून, धुऊन, उन्हात वाळवून बाळाची दुपटी शिवली. बहिणीच्या डॉक्टरचं पत्र, प्रसूतीची अंदाजे तारीख, जावयाचं हमीपत्र, त्यांच्या घराचा भाडेकरार, 30 हजार युरोंचा प्रवास विमा, सगळं फायलीत होतं. यातलं काय अविश्वसनीय वाटलं, ते आम्हाला आजही माहीत नाही.

अर्ज द्यायला आम्ही रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. तुमच्या वतीनं अर्ज घेणाऱ्या केंद्रातली मुलं अदबीनं वागली, तक्रार नाही. मात्र बोटांचे ठसे घेताना आईचे ठसे उठेनात. चाळीस वर्षं खुडा, विरळणी आणि बेदाण्याची निवडणी करून तिच्या बोटांच्या रेघा झिजल्यात. रेशन दुकानातही अंगठा चारदा ठेवावा लागतो. त्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसायला दिली, पुन्हा ठेवायला सांगितली. सहाव्या खेपेला दहाही बोटं उठली. आई बाहेर आल्यावर म्हणाली, ‘माझ्या हातावर काय उरलंच नाही बघ.’ मला त्या क्षणी वाटलं होतं, की ही बाई कोण आहे, काय करते, कुठं राहते हे सांगणारा याहून चांगला कागद कुठला असेल. पण यंत्राला त्या बोटांचं जे कळतं, ते फायलीत येत नाही.

आता फायलीतल्या कागदांकडे येतो.

आमच्या हातात जी चेकलिस्ट होती तिच्यावर पगाराच्या स्लिपा, मालकाचं रजा मंजूर केल्याचं पत्र, आयकराचं विवरणपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट असं मागितलं होतं. आईला मालक नाही. तिला रजा देणारं कुणी नाही, बागेकडूनच घ्यावी लागते. शेतीच्या उत्पन्नावर आपल्या देशात आयकर नाही, म्हणून तिनं कधी विवरणपत्र भरलं नाही. तो कायदा आहे, काही लपवलेलं नाही. चारांपैकी तीन कागद तिच्याकडे असूच शकत नाहीत. त्या जागी आम्ही सातबारा जोडला.

सातबारा तुम्ही रोज पाहत नसाल. जमीन कुणाची आणि तिच्यात काय पिकतं, हे सांगणारा महसूल खात्याचा उतारा. वरच्या भागात मालकाचं नाव, गट नंबर, क्षेत्र. खालच्या भागात पिकाची नोंद. आमच्या उताऱ्यावर 1 हेक्टर 21 आर क्षेत्र आहे आणि पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे, द्राक्ष. द्राक्षाची बाग लावली की पुढची बारा-पंधरा वर्षं माणूस तिला बांधला जातो. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, खुंटरोपं आणि त्यांच्यावर भरलेलं कलम यांत एकरी काही लाख रुपये मातीत गेलेले असतात. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. पगारदाराचं रजेचं पत्र तुम्ही परतीची खूण मानता. त्याची नोकरी उद्या सुटू शकते, बाग सोडून देता येत नाही.

या उताऱ्याचं आम्ही सांगलीत इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तिथं गोंधळ झाला असावा. जमिनीचा एक तुकडा वडिलांनी 1996 मध्ये आईच्या नावे घेतला होता. जुन्या फेरफारात तिचं नाव ‘भ्र.’ लावून आलं आहे. भ्र. म्हणजे भ्रतार, अमक्याची पत्नी. भाषांतर करणाऱ्यानं ते अक्षर नावाचाच भाग समजून लिहिलं. त्यामुळे पासपोर्टवरचं नाव एक, उताऱ्यावरचं वेगळं. वडिलांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ आहे, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. भाषांतरात तो नुसता मॅनेजर झाला आणि वडील कुठल्यातरी कंपनीत व्यवस्थापक होते असं दिसू लागलं. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे. तुमच्या भाषेत तो कर्जाचा भार दिसतो. आमच्याकडे विकास सोसायटी पीककर्ज देते याचा अर्थ त्या माणसाची बाग उभी आहे आणि मागची फेड वेळेवर झालेली आहे.

जन्मतारखेचंही सांगतो. आईची जन्मतारीख 1 जून आहे. फायलीत वडिलांचं जुनं पॅनकार्ड होतं, त्यावरही 1 जून. अर्ज घेणाऱ्या मुलानं ते दोनदा पाहिलं. त्या पिढीत घरी जन्मलेल्या मुलांची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी वय बसवून 1 जून लिहीत. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. संशय घेण्यासारखं त्यात काही नाही.

बँक स्टेटमेंट हा सगळ्यात अवघड कागद. तुम्ही मागचे काही महिने बघता. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे पडतात, ते बघायला सोपं जातं. आमचे पैसे असे येत नाहीत. ऑक्टोबर छाटणीपासून खर्च सुरू होतो: औषधं, मजूर, पाणी. जानेवारी ते एप्रिल माल निघतो. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं की व्याजात सवलत मिळते, म्हणून मार्चअखेर खातं रिकामं करून सगळे सोसायटी भरतात. मग खरड छाटणी, पुन्हा खर्च. यातून उरतं ते बेदाण्याच्या रूपात. वाळवलेला, निवडलेला बेदाणा पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून आम्ही शीतगृहात ठेवतो आणि लागेल तसा तासगावच्या सौद्यात काढतो. दिवाळीला थोडा, लग्नाला थोडा, दवाखान्याला थोडा. आमच्या तालुक्यातल्या माणसाची बचत बघायची असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही, कोल्ड स्टोरेजला जावं लागतं.

सप्टेंबर 2024 मध्ये आईच्या खात्यात 41 हजार रुपये होते. शीतगृहात दोनशे ऐंशी बॉक्स होते. त्याची पावती आम्ही जोडली होती. त्याच्या महिनाभर आधी शंभर बॉक्स विकले, त्याची अडत्यानं दिलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, तीही जोडली होती. ती रक्कम खात्यात एकदम आली आणि दुसऱ्या दिवशी औषध दुकानाची उधारी भागवायला गेली. तुमच्या बाजूनं बघितलं तर मोठी रक्कम अचानक आली आणि लगेच निघून गेली. तुमच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती. पण मी पावती आणि पट्टी बघितली असती, आणि कळलं नसतं तर विचारलं असतं.

इथं एक गोष्ट लपवायची नाही. अर्ज करण्याआधी एका एजंटनं आम्हाला सांगितलं होतं, की खात्यात पाच लाख तीन महिने ठेवून दाखवतो, व्याज एवढं पडेल. सोबत आयकराची विवरणपत्रंही मागच्या तारखांची भरून देतो म्हणाला. असे एजंट प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. काही देशांच्या अर्जाच्या तारखा मिळेनाशा होतात, तेव्हा त्या विकणारेही हेच. तुम्हाला खोटे कागद दिसतात आणि तुम्ही सावध होता, ते आम्ही समजू शकतो. आम्ही नको म्हणालो. आई म्हणाली, आहे ते दाखवू, लेकीकडं जायला खोटं कशाला बोलायचं. आता गावात कुणी विचारलं, की तुमचं का झालं नाही, तर मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. ज्यांनी पैसे दाखवून कागद सजवले त्यातले काही जाऊन आले. खरं सांगणारा अडकतो आणि सजवणारा सुटतो, असं लोकांना दिसलं तर एजंटांचा धंदा वाढणारच. तो मोडणं तुमच्या हातात आहे आणि तुमच्याच फायद्याचं आहे.

युरोपशी आमचा संबंध काही आईच्या अर्जानं सुरू झाला नाही. आमच्या बागेतली थॉम्पसन द्राक्षं दोन हंगाम कंटेनरमधून रॉटरडॅमला गेली आहेत. त्यासाठी निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ग्रेपनेट या सरकारी संगणक प्रणालीवर बागेची नोंदणी होते, प्रत्येक प्लॉटला नंबर मिळतो, फवारणीची वही ठेवावी लागते. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधांचे अवशेष मर्यादेत आहेत असा दाखला आल्यावरच माल हलतो. युरोपातल्या दुकानात ठेवलेल्या डब्यावरच्या आकड्यांवरून तो घड आमच्या कुठल्या प्लॉटमधून आला, हे शोधता येतं. आम्ही या कडकपणाबद्दल कधी कुरकुर केली नाही. उलट त्यामुळे आमची शेती सुधारली.

2010 चा हंगाम आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अवशेष सापडले. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते सर्रास वापरलं जाई, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. कंटेनर तिकडं अडकले. निर्यातदारांचे आणि शेतकऱ्यांचे मोठे पैसे बुडाले, कित्येकजण त्यातून पुढे अनेक वर्षं वर आले नाहीत. मी तेव्हा नुकताच शिक्षण संपवून बागेत उतरलो होतो. गावात रडारड होती, पण एक गोष्ट होती: नकाराचं कारण कळलं होतं. कुठलं रसायन, किती प्रमाणात, मर्यादा किती. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रापासून गावच्या औषध दुकानापर्यंत सगळ्यांना काय चुकलं ते समजलं. ते रसायन तपासणीच्या यादीत आलं, आम्ही ते वापरणं सोडलं आणि पुढच्या हंगामांत माल पुन्हा गेला.

द्राक्षाच्या घडाला तुम्ही कारण देता. माझ्या आईला चौकट दिली. आम्ही काय सुधारावं? नावातलं ‘भ्र.’ काढायचं होतं का? खात्यात जास्त पैसे हवे होते का? सत्तर दिवस फार वाटले का? ती विधवा आहे आणि मुलगी तिकडे आहे, म्हणून ती येणार नाही असं वाटलं का? शेवटची शंका असेल तर तीही स्पष्ट लिहा. आम्हाला वाईट वाटेल, पण निदान उत्तर देता येईल.

तुमच्याच नियमांत याला जागा आहे. शेंगेन व्हिसाची संहिता 2009 ची आहे. तिच्यात नकार द्यायची कारणं मोजून दिली आहेत. 19 डिसेंबर 2013 रोजी एका इराणी नागरिकाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की त्या यादीबाहेरच्या कारणानं व्हिसा नाकारता येत नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. अर्जदार परत जाईलच याची अधिकाऱ्याला खात्री पटण्याची गरज नाही. रास्त शंका आहे का, एवढं बघायचं, आणि ते बघताना त्याच्या देशातली सर्वसाधारण परिस्थिती आणि त्या माणसाची स्वतःची परिस्थिती, दोन्ही विचारात घ्यायच्या. आईची स्वतःची परिस्थिती शीतगृहाच्या पावतीत होती.

अपील करता येतं, हेही त्या कागदावर छापलेलं होतं. 2017 मध्ये याच न्यायालयानं निकाल दिला, की नकाराविरुद्ध शेवटी न्यायालयात जाता आलं पाहिजे. हक्क मोठा आहे. पण आमच्यासारख्यांसाठी त्याचा अर्थ काय होतो तो ऐका. बहिणीला नववा लागला होता. तिनं तिकडच्या वकिलाला विचारलं. फी आमच्या एका एकराच्या छाटणीच्या खर्चाएवढी होती आणि निकालाला महिने लागतील असं ते म्हणाले. बाळंतपण थांबणार नव्हतं. काही देशांत वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय असते किंवा होती. जर्मनीनं ती 1 जुलै 2025 पासून जगभर बंद केली. आता तिथे एक तर न्यायालय, नाही तर नवा अर्ज आणि नवी फी. फी 90 युरो आहे, नकार आला तरी परत मिळत नाही. त्यावर केंद्राचं शुल्क, विमा, भाषांतर, मुंबईच्या दोन फेऱ्या. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण ते मी धरून बसलेलो नाही.

बाळ नोव्हेंबर 2024 मध्ये झालं. मुलगा. प्रसूती अवघड गेली, बहीण पाच दिवस दवाखान्यात होती. जावयानं चांगलं सांभाळलं, तिकडच्या नर्स घरी येऊन बघून जात, त्यांच्याबद्दल बहीण आजही हात जोडून बोलते. आई इकडे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर असायची. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, हे तिनं उशी मांडीवर घेऊन फोनसमोर करून दाखवलं. जावई शिकला. बारशाला आम्ही इथं पाळणा बांधला आणि पाळण्यात फोन ठेवला. बायकांनी पाळणा म्हटला. आईनं सगळं नीट केलं, लोकांना जेवू घातलं, आणि सगळे गेल्यावर शिवलेली दुपटी पेटीत ठेवली. ती अजून तिथंच आहेत. नातू आता सोळा महिन्यांचा आहे, चालतो. दुपट्यांचा उपयोग उरला नाही.

2024 या एका वर्षात भारतातून 11 लाखांहून जास्त लोकांनी शेंगेन व्हिसासाठी अर्ज केले आणि त्यातले साधारण 15 टक्के नाकारले गेले. म्हणजे दीड लाखाहून जास्त माणसं. त्यातले काही खरंच परतणार नसतील. पण किती जणांची आई त्यात होती?

भारतीयांसाठी तुम्ही चांगला बदलही केला आहे, तो मान्य केला पाहिजे. 18 एप्रिल 2024 रोजी युरोपीय आयोगानं ठरवलं, की तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानं वापरलेल्या इथल्या रहिवासी भारतीयाला पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा. जो एकदा आत जाऊन वेळेवर परत आला, त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे तत्त्व मला पटतं. पण आई पहिल्याच उंबऱ्यावर अडली. विश्वास मिळवण्याची संधीच तिला मिळाली नाही. आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून तर तुमच्या सीमांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची चेहऱ्याच्या फोटोसह संगणकावर नोंद होऊ लागली आहे. कोण मुदतीत परतलं आणि कोण राहिलं, हे आता तुम्हाला अंदाजानं ठरवावं लागणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या, साठी ओलांडलेल्या, मुलांना भेटायला जाणाऱ्या शेतकरी बायका परतल्या का, हे त्या नोंदींत दिसेल. ते बघून मग आमच्यावर शंका घ्या. दिसलं, की त्या परततात, तर ती शंका पुढच्या बाईच्या अर्जावर आणू नका.

माझी मागणी मोठी नाही. चौकटीतल्या खुणेखाली हातानं का होईना दोन ओळी लिहा: कुठला कागद पटला नाही, कुठली गोष्ट जुळली नाही. शंका आली तर नकार देण्याआधी एकदा विचारा. अर्जदाराला मुलाखतीला बोलावण्याची मुभा तुम्हाला आहे. तीनशेऐंशी किलोमीटर बोलावलंत तरी आई येईल, पण फोनवर मराठीत दहा मिनिटं बोललात तरी पुरेल. तिला विचारा, की ऑक्टोबर छाटणी किती तारखेला धरणार, डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आला तर काय करता, सोसायटीचं किती भरायचं आहे. ही बाई परत येणार की नाही, ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला पुण्याला चुलत बहिणीकडे आठ दिवस ठेवलं होतं. चौथ्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी लावून ती एसटीनं परत आली, कारण मणी फुगवणाऱ्या जीए या औषधात घड बुडवण्याचं काम चालू होतं आणि मजूर पाण्यात औषध नीट मोजत नाहीत असा तिला संशय होता. डॉक्टर रागावले. तो संशय खराही निघाला.

आणि शेतकऱ्यांचे कागद तुमच्या यादीत मोकळेपणानं घ्या. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, शीतगृहाची पावती, अडत्याच्या वर्षभराच्या पट्ट्या. आमच्याकडे ऊसवाल्याला कारखान्याची बिलं मिळतात, दूधवाल्याला डेअरीचा दहा दिवसांचा हिशोब मिळतो. हे पगाराच्या स्लिपेपेक्षा कमी खरे नाहीत.

यातला थोडा भार आमच्या सरकारवरही आहे, तो तुमच्यावर ढकलत नाही. सातबाऱ्यावरच्या ‘भ्र.’, ‘ए.कु.मॅ.’, ‘बोजा’ अशा शब्दांचा अर्थ इंग्रजीत सांगणारं एक सही-शिक्क्याचं पान तहसील कचेरीतून मिळालं, तर भाषांतर करणाऱ्याच्या चुकीनं कुणाचं नाव बदलणार नाही. आमच्या परराष्ट्र मंत्रालयानं तुमच्याशी बोलताना कंपन्यांच्या लोकांइतकंच या बायकांबद्दलही बोलावं. या पत्राची एक प्रत त्यांना पाठवतो आहे.

या वेळी आईनं सत्तर दिवस मागितलेले नाहीत. 14 मे ते 20 जून एवढंच. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून धोंड्याचा महिना. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून अनारशांचं वाण देतात. बहिणीचं लग्न झाल्यापासून हा पहिला धोंडा आहे ज्याला सासू-जावयाची भेट होऊ शकते. अनारशाचं पीठ इथं करून नेणार, तळायचे तिकडं, तेलात. अर्जात उद्देशाच्या पत्रात मी हे सगळं लिहिलं आहे. या वेळी भाषांतर मी स्वतः बसून तपासलं. खात्यात आजही फार पैसे नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यापासून पाऊस पडत राहिला, घड कमी आले, आणि जो माल आहे तो सध्या शेडवर वाळतो आहे. तो निवडून, बॉक्समध्ये भरून शीतगृहात जायला अजून महिना लागेल. तोवर पावती मिळणार नाही. म्हणून आम्ही शेडचे फोटो आणि तलाठ्यांचा पीकपाहणीचा उतारा जोडला आहे.

25 जुलैला आषाढी एकादशी आहे. गावची दिंडी आठवडाभर आधी निघते आणि स्वयंपाकाच्या गटात आईचं नाव लागलेलं आहे. करोनात वारी बंद होती ती दोन वर्षं सोडली, तर बावीस वर्षांत तिची एकही वारी चुकलेली नाही, वडील गेले त्या वर्षीचीसुद्धा नाही.

तिचा फोन नंबर अर्जावर आहे. सकाळी दहा ते पाच ती शेडवर असते, तिथं रेंज येत नाही. संध्याकाळी सहानंतर केलात तर ती स्वतः उचलेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
तासगाव तालुका, जिल्हा सांगली
मार्च 2026